माझा भाऊ आंबा खात नाही

आमच्या घरी उन्हाळ्यात एक भांडण ठरलेलं असायचं. सिरोंच्याचे मामू बेनिशान आंब्यांची पेटी घेऊन यायचे, अम्मी फोडी करायची, अब्बा शिलाई मशीनवरून उठून हात धुवायचे आणि माझा भाऊ मुबीन ताटलीकडे बघून म्हणायचा, "नको."

मामू गोदावरीकाठचे. त्यांचं अर्धं बोलणं तेलुगूत चालतं. ते फोड हातात धरून थेट त्याच्या तोंडापर्यंत न्यायचे. "तिनु रा. घरच्या झाडाचा आहे रा. खा रा एक."

"गळा धरते मामू."

"आंब्यानं गळा धरते? मग मिरचीनं काय धरन रा?"

मग अम्मी सुरू व्हायची. ती मराठीत सुरू करते आणि राग आला की हिंदीत पोचते. "तीन वर्सं झाले पाहून राह्यली मी. आम है, जहर नाई है. दुनिया के लडके आम देख के दौडते, मेरा लडका आम देख के गॅरेज भागता."

आणि तो खरंच गॅरेजात जायचा.

गळ्याला काही झालेलं नव्हतं. मला कारण माहीत होतं. अम्मीलाही माहीत होतं, पण भांडायला कारण माहीत नसलेलं बरं असतं.

आलापल्लीच्या नाक्याजवळ मुबीनभाईचं गॅरेज आहे. गॅरेज म्हणजे चार बल्ल्या, वर टिना, एक हवेचं मशीन आणि सागाच्या झाडाला टांगलेले टायर. माझ्या भावाला बोलायचा कंटाळा आहे. गिऱ्हाईक पाच मिनिटं गाडीचं दुखणं सांगतं, भाई ऐकतो, गाडीला एक किक मारतो आणि म्हणतो, "बघू." लग्नाचं विचारलं तरी "बघू". अब्बांनी चंद्रपूरला मोठं दुकान टाक म्हटलं तेव्हाही "बघू". ज्या गोष्टीला तो "बघू" म्हणाला नाही अशी एकच होती, आणि ती गॅरेजच्या मागं आमच्या घराच्या भिंतीला टेकून उभी असायची.

तिचं नाव बकरी. सांगाडा एका जुन्या मोपेडचा, इंजीन दुसऱ्याच गाडीचं, सीट अब्बांनी रेक्झिनची शिवून दिलेली. सायलेन्सर वर वळवलेला, म्हणजे नाल्याचं पाणी आत जाऊ नये. मागचं चेनचक्र मोठं, त्यामुळे ती पळत नाही, पण चढायला सांगा, भिंतीवर चढेल. चढताना अशी बेंबाटते की गावात एकदा खऱ्या बकऱ्यांनी उलट ओ दिली होती. तिच्या बाजूला चादर पांघरून दुसरी गाडी असायची, माकड. ती पिंटूची. पिंटू चंद्रपूरला गेला तेव्हा माकड इथंच ठेवून गेला. म्हणाला, "गाडी इथी आहे म्हणजे मी इथीच आहे, समजलं का?"

पिंटू प्रत्येक वाक्याच्या शेवटी "समजलं का" म्हणतो. ढिवराचा पोरगा, तळ्यावर वाढलेला. त्याला रेती वाचता येते. कोरड्या नदीत कुठली रेती चाक धरेल आणि कुठली गिळेल, हे तो लांबून सांगतो आणि मग हमखास गिळणाऱ्याच रेतीत जाऊन पडतो. "मी तुमाले दाखवून राह्यलो होतो, समजलं का?"

तिसरा लोकेश. तो जंगलातल्या येरमेटोल्याचा, माडिया. आश्रमशाळेतून आमच्या शाळेत आला आणि भाईच्या बाकावर बसला. लोकेश एक वाक्य बोलतो. मग थांबतो. तुम्हाला वाटतं संपलं. तुम्ही दुसरं काही काढता, आणि मागून येतं, "हो ना."

दर रविवारी हे तिघं दोन गाड्या घेऊन जंगलात जायचे. गायींच्या पायवाटा, तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बायांच्या वाटा, लाकूडगाड्यांच्या जुन्या चाकोऱ्या. दिवस मावळायच्या आत लाल मुरमानं माखून परत. मग गॅरेजात बसून कोण कुठं कसा पडला याचा हिशोब व्हायचा. मी चहा घेऊन जायची आणि कप परत न्यायला विसरायची, म्हणजे पुन्हा जाता यावं.

पण सगळ्यात मोठी फेरी वर्षातून एकदाच, मरका पंडुमला. मरका म्हणजे आंबा, पंडुम म्हणजे सण. येरमेटोल्यात नवा आंबा कोणी आधी खात नाही. झाडं लदलेली असतात, पोरं खालून पाहत असतात, पण गावचा पेरमा, म्हणजे पुजारी, दिवस ठरवतो, आधी देवाला आणि मेलेल्या माणसांना वाढतो, आणि मगच गावाच्या तोंडाला आंबा लागतो.

पहिल्या वर्षी लोकेशनं दोघांना बोलावलं आणि ही गोष्ट सांगायची राहून गेली. लोकेशच तो. वाटेत चढावर गाडी तापली म्हणून थांबले, वर आंबे लोंबत होते, भाईनं एक तोडला आणि खाल्ला. गावात पोचला तर लोकेशच्या आईनं, जिला सगळे अव्वा म्हणतात, जोहार करायच्या आधीच त्याच्या हनुवटीवरचा चीक पाहिला. पेरमाच्या पुढं उभं केलं. त्या पंडुमला भाईला आंबा मिळाला नाही. पिंटू म्हणाला, मग मले बी नको. लोकेश पानावरचा आपला आंबा परत ठेवून म्हणाला, "मले बी. हो ना." म्हातारा पेरमा खूप वेळ या तिघांकडे पाहत होता म्हणे. मग म्हणाला, तिघं मिळून या, मिळून खा, तोवर खाऊ नका.

पुढच्या वर्षी तिघं गेले आणि मिळून खाल्ला. त्याच्या पुढच्या वर्षीही. मग पिंटूला चंद्रपुरात एका गोदामात सुपरवायझरचं काम लागलं. लोकेश मिरची तोडायला तेलंगणात जायचा, तो एका उन्हाळ्यात हैदराबादलाच राहिला, एका बिल्डिंगवर वॉचमन. आणि येरमेटोल्याला डांबरी रोड झाला. लांबून वळसा घालून जातो, पण गुळगुळीत. जंगलातून कोणी जाईना. भाईला कोणीही म्हणायचं, "अरे जा ना रोडनं, अर्ध्या तासाचं काम." तो म्हणायचा, "बघू." एकट्यानं जाऊन काय करणार? तिघं मिळून, असं ठरलं होतं.

तेव्हापासून आंबा बंद. आमचाही, मामूंचाही, बाजारातलाही.

अम्मीचं दुःख वेगळं होतं. अव्वा दर पंडुमला भाईच्या हाती चारोळी पाठवायची. दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नाही, पण आमच्या ईदच्या शीरखुर्म्यात अव्वाची चारोळी असायची. तीन ईद झाल्या, बाजारातली चारोळी आणून अम्मी कढईला सुनावते, "ये चारोळी है क्या? ये तो लकडी का भूसा है."

या वर्षी भामरागडच्या बसच्या कंडक्टरनं गॅरेजसमोर गाडी हळू केली आणि खिडकीतून ओरडला, "मुबीनभाऊ, येरमेटोल्याचा निरोप आहे. मंगळवारी पंडुम. लोकेश आला आहे." बस गेली. भाईच्या हातात एका मास्तरांच्या गाडीचा प्लग होता. त्यानं तो कापडानं पुसला. पुन्हा पुसला. मास्तर म्हणाले, "अरे स्वच्छ झाला तो." भाईनं पिंटूला फोन लावला.

पिंटूचा आवाज फोनमधून माझ्यापर्यंत ऐकू येत होता. "येतो ना बे. माणूस ठेवला बदलीले. सोमवारी रात्रीच्या गाडीनं बसतो, सकाळी तुया दारात उभा राह्यतो, समजलं का? माकडाचं ऑइल बदलून ठेव."

पुढचे दिवस भाईनं गिऱ्हाइकांच्या गाड्या कमी आणि आपल्या दोन गाड्या जास्त पाहिल्या. केबल नवी, चेनला तेल, टायरमधली हवा कमी, म्हणजे दगडावर धरेल. माकडाची चादर काढून धुवायला टाकली. गॅरेजातून शीळ ऐकू येत होती. अम्मीनं मला विचारलं, "कौन है अंदर?"

मंगळवारी सकाळी बस आली. पिंटू उतरला नाही. फोन आला.

"भाय, बदलीचा माणूस आलाच नाई बे. कुठी मेला माहीत नाई. माल उतरून राह्यला इथी, शेठ उभा आहे डोक्यावर." मग थोडं थांबून, "तुमी जा ना." या वेळी शेवटी "समजलं का" नव्हतं.

भाई म्हणाला, "बघू." फोन ठेवला आणि बुटाची नाडी सोडू लागला.

अम्मी दारात शेवयांचा डबा घेऊन उभी होती, अव्वासाठी. तिनं भाईच्या बुटाकडं पाहिलं. "नाडी बांध."

"दोघांनी नाई होत अम्मी. नाल्यात बांबू घ्यायले दोन लागते, मागून गाडी धरायले एक."

"निशातले घेऊन जा."

"हिले चालवता येते का?"

"परसात रोज फिरवते ती पिंटूचं माकड. मी काय आंधळी आहे?"

मी अम्मीकडं पाहिलं. मला वाटत होतं कुणाला माहीत नाही. अब्बांचं मशीन आत थांबलं. मग पुन्हा सुरू झालं. तेवढीच परवानगी.

गाव संपलं आणि भाई सागाच्या रांगांमधून डावीकडं घुसला. मी मागं. खनिजाच्या ट्रकांचा आवाज मागं राहिला आणि मग फक्त बकरीचं बेंबाटणं. वाटेवर सागाची वाळलेली पानं पापडासारखी फुटत होती. पानांखाली मूळ आहे की खड्डा, हे चाक गेल्यावरच कळायचं. भाई मागं न पाहता ओरडायचा, आणि शिकवताना त्याला शब्द खर्च करायचे नसतात. "उभी राह्य." म्हणजे सीटवरून ऊठ, गुडघ्यांनी धक्के घे. "सोडू नको." म्हणजे रेती आली, आता काहीही झालं तरी अॅक्सिलेटर कमी करायचा नाही. रेतीत माकडाचं तोंड इकडं, शेपूट तिकडं. मी सोडलं नाही. पलीकडं निघाल्यावर मला कारण नसताना हसू येत होतं. तेव्हा कळलं की हे तिघं दर रविवारी कशासाठी जायचे.

मुरमाच्या घाटीवर मी पडले. मुरूम म्हणजे सुटे खडे, चाकाखाली वाटाण्यासारखे पळतात. मी पुढचा ब्रेक दाबला आणि माकडानं मला बाजूला ठेवून दिलं. भाई परत आला. माझं कोपर पाहिलं, मग गाडीची लिव्हर पाहिली. म्हणाला, "पिंटू इथीच पडते."

घाटीच्या माथ्यावर एक मोठा काळा दगड आहे. त्यावर उभं राहिलं की फोनला नेटवर्क लागतं, म्हणून त्याला टॉवरचा दगड म्हणतात. आम्ही पाणी प्यायलो. भाईनं फोन काढला, पाहिला, खिशात ठेवला. प्रत्येक वळणावर तो एकदा मागं पाहत होता. आधी मला वाटलं मला पाहतो आहे. पण तो माझ्याही मागं पाहत होता.

घाटी उतरली की नाला. पाणी नव्हतं. म्हशी बसल्यासारखे गोल, गुळगुळीत दगड, या काठापासून त्या काठापर्यंत. चाक जाऊच शकत नाही. पलीकडं लोकेश उभा होता, हातात ताजा तोडलेला बांबू, खांद्यावर दुपट्टा. हैदराबादच्या वॉचमनची निळी पँट घातलेली. तो दगडांवरून उड्या मारत आला आणि भाईच्या समोर थांबला. दोघंही काही बोलेनात. त्यांचं तसंच असायचं म्हणे, बोलणारा पिंटू होता.

"जाड झाला तू," भाई म्हणाला.

"बसून राह्यतो ना दिवसभर गेटवर." थांबून, "पिंटू?"

"माल उतरून राह्यला त्याचा."

लोकेशनं नाल्याकडं पाहिलं. "हो ना."

बकरीला दोरानं बांबूला बांधलं. भाई पुढं, लोकेश मागं, बांबू खांद्यावर. गाडी मधे लोंबते आणि झोके घेते, म्हणून तिसऱ्यानं मागचं चाक धरून चालायचं. ते पिंटूचं काम. बकरीचं शेपूट धरणं म्हणायचे त्याला. मी धरलं. जड होतं आणि सायलेन्सर अजून गरम होता. मधे जाऊन भाई थांबला. एक दगड हलत होता. नुसता श्वासांचा आवाज.

"इथी पिंटू काय म्हणे?" भाईनं विचारलं.

मी म्हटलं. "हळू बे, बकरी गाभण आहे. पडली तं पिल्लू तुया बापाच्या नावावर लागन, समजलं का?"

पिंटूचंच नाक, पिंटूचंच घाईघाईचं बोलणं. लोकेश इतका हसला की बांबू डगमगला. भाईही हसला. पोट हलवून, पूर्वीसारखा. मग हसू संपलं, आणि दोघांनी एकदमच मागं वळून माझ्याकडं पाहिलं. जिथून आवाज आला तिथं मी होते. लोकेशनं बांबू दुसऱ्या खांद्यावर घेतला. म्हणाला, "चाला." माकड नेताना मला कोणी काही म्हणायला सांगितलं नाही.

येरमेटोल्यात पोरं गाड्यांमागं धावली. तीन वर्षं बकरी आली नव्हती, तरी धाकट्यांनाही तिचं नाव माहीत होतं. अव्वानं माझ्या कोपरावर काहीतरी पाला चोळला, शेवयांचा डबा उघडून वास घेतला आणि माडियात काही बोलली. लोकेश म्हणाला, "तुमच्या अम्मीची तब्येत विचारते. चारोळी आहे का संपली, विचारते."

"कवाचीच संपली म्हणा."

पेरमाचं देवाचं काम झालं. हा नवा पेरमा होता, जुना वारला होता. त्यानं आंबे कापून देवापुढं ठेवले, मग मेलेल्यांच्या नावानं एकेक पान वाढलं. जुन्या पेरमाच्या नावाचंही. मग गावाला वाटायला सुरुवात झाली. अव्वानं आमच्यापुढं पळसाच्या पानांवर आंबे ठेवले. लोकेशपुढं, भाईपुढं, माझ्यापुढं. आणि एक पान मोकळ्या जागेवर, त्यावरही आंबा.

लोकेशनं हात लावला नाही. भाईनं तर आंब्याकडं पाहिलंही नाही.

अव्वानं विचारलं. लोकेशनं सांगितलं. बराच वेळ सांगितलं, माझ्या आयुष्यात मी लोकेशला एवढं बोलताना ऐकलं नव्हतं. माडियात होतं, पण मला अंदाज येत होता: तिघं मिळून, तोवर नाही, तीन वर्षं, मुबीननं घरी पण नाही. अव्वा ऐकत राहिली. तिचं तोंड हळूहळू उघडं पडलं आणि मग ती हसायला लागली, पदरानं डोळे पुसत, शेजारणीला सांगत. शेजारणही हसायला लागली.

"काय म्हणते?" भाईनं विचारलं.

लोकेशनं मान खाली घातली. "म्हणते, ते त्या वर्षासाठी होतं. तू आधी खाल्ला म्हणून एका वर्षाचा दंड. पुढच्या वर्षी खाल्ला तेव्हाच फिटला." थांबला. "म्हणते, पंडुम गावाचा असते. तुमच्या तिघांचा काऊन राहीन?"

 अव्वा उठली, मोकळ्या जागेवरच्या पानाकडं बोट दाखवून काहीतरी सांगितलं, हसत नव्हती आता. लोकेश म्हणाला, "जो दूर आहे त्याचं पान वाढून ठेवायचं असते. मी हैदराबादले होतो, माझं बी ठेवलं होतं तिनं. दर वर्षी."

भाईनं आंबा उचलला. रानआंबा, लहानसा, देठाशी हिरवा. चावला तेव्हा डोळे मिटले. रस कोपरापर्यंत गेला, त्यानं पुसला नाही. कोय पांढरी होईपर्यंत चोखली.

"कसा आहे?" मी विचारलं.

"आंबट."

पिंटूचं पान त्यानं तसंच दुमडलं, दोरा बांधला.

परतताना लोकेश नाल्यापर्यंत आला. गाड्या ओलांडून दिल्या आणि पलीकडच्या काठावर उभा राहिला. दोन दिवसांनी त्याला पुन्हा गेटवर हजर व्हायचं होतं. घाटी चढताना मी मागं पाहिलं तर तो बांबू घेऊन तिथंच होता.

टॉवरच्या दगडावर भाईनं फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"खाल्ला का बे?" पिंटू.

"खाल्ला."

 मागं कुणीतरी खोकी ओढत होतं.

"चांगलं झालं," पिंटू म्हणाला. "मी तं अजून नाई खाल्ला."

"या वर्षीचा?"

"नाई बे. तवापासूनच."

मग फोनवर त्याच्या बायकोचा, साधनावहिनींचा आवाज आला, बहुधा डबा घेऊन आल्या होत्या. "हे कारण आहे होय? मी याले शुगर तपासून आणली दोनदा."

भाई दगडावर खाली बसला. अव्वाचं हसणं, एका वर्षाचा दंड, हे त्यानं पिंटूला सांगितलं नाही. मला वाटलं आता सांगेल. तो एवढंच म्हणाला, "तुयं पान ठेवलं आहे. उद्या घेऊन येतो."

"बकरीवर?"

"एसटीनं."

"हं," पिंटू म्हणाला. "ये मग."

दुसऱ्या दिवशी अम्मीनं अव्वानं भरून दिलेला चारोळीचा डबा फडताळात सगळ्यात वर ठेवला आणि मामूंच्या पेटीतला एक बेनिशान कापून भाईपुढं ठेवला. त्यानं सगळा खाल्ला. अम्मी त्याच्याकडं बघत राहिली आणि मग उगाचच मला ओरडली.

चंद्रपूरच्या बसमध्ये त्याला खिडकी मिळाली. मांडीवर पळसाचं पान. नाक्यावर ट्रकांची रांग होती, बस थांबत थांबत गेली, आणि दिसेनाशी होईपर्यंत भाई पुढच्या रस्त्याकडं नाही, डावीकडं सागाकडं पाहत होता, जिथून वाट आत जाते.

मी गॅरेज बंद करायला गेले. माकडाची धुतलेली चादर अजून दोरीवरच होती. भाईनं ती गाडीवर घातली नव्हती. मीही नाही घातली.